बाईला पिशवी आहे की नाही, हे आधी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या आरोग्य पानावर पाळी जाताना घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांवर लेख आला होता. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये या औषधांवरचा स्तनाचा कर्करोग आणि हृदयविकार यांबद्दलचा चौकटीतला इशारा काढून टाकायचं जाहीर केलं, तेव्हा आता घाबरायचं कारण नाही, असा एकूण सूर. पूर्वी 'हार्मोन घेतले की कॅन्सर' असं छापून यायचं. भीती घालताना जे विचारलं गेलं नव्हतं, ते धीर देतानाही विचारलेलं नाही: या बाईला गर्भाशय आहे का?

मी बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मेडिकल चालवते. आमच्याकडे 'पिशवी काढली का?' हा प्रश्न बाया एकमेकींना 'लेकीचं जमलं का?' इतक्या सहज विचारतात. २०१९ मध्ये सरकारी समितीने जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी करून घेतली. त्यांपैकी तेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. तेव्हा महिनाभर गाजावाजा झाला, कॅमेरे आले. पुढे त्या बायांच्या अंगाचं काय झालं, ते आमच्या काउंटरवर कळतं.

गेल्या उन्हाळ्यात एक बाई आली. वय छत्तीस. "ताई, अंगातून जाळ निघल्यावानी होतंय बघा. रात्री लुगडं भिजतंय. गुडघे तर गेलेच." कॅल्शियमच्या गोळ्या मागत होती. ऑपरेशनचा कागद आहे का विचारलं, तर दुसऱ्या दिवशी रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीतून चार घड्या घातलेलं डिस्चार्ज कार्ड घेऊन आली. त्यावर लिहिलं होतं 'टीएएच, बीएसओ'. पहिल्या तीन अक्षरांचा अर्थ गर्भाशय काढलं. पुढच्या तीन अक्षरांचा अर्थ दोन्ही अंडाशयंही काढली, म्हणजे बाईचे हार्मोन जिथे बनतात तीच गेली. तिला फक्त 'पिशवी' ठाऊक होती. हे ऑपरेशन तिने तिसाव्या वर्षी करून घेतलं होतं, तेही अंगावरून पांढरं जातं म्हणून! "ठेवली तर कॅन्सर होईल," असं तिला सांगितलं होतं. कुठल्या दवाखान्यात, ते लिहीत नाही.

चिठ्ठीशिवाय हार्मोनच्या गोळ्या मी देत नाही. म्हणून तिला डॉक्टरांकडे पाठवलं. परत आली ती कॅल्शियमचीच चिठ्ठी घेऊन. हार्मोनचं विचारलं होतं, पण "नको, कॅन्सर होतो," असं उत्तर मिळालं. म्हणजे पिशवी काढायला लावली कॅन्सरच्या नावाने आणि नंतरचं औषध नाकारलं तेही त्याच नावाने.

आता ही भीती आली कुठून? बहुतांशी २००२ च्या एका अमेरिकन अभ्यासातून. त्यात ५० ते ७९ वयाच्या साडेसोळा हजार स्त्रिया होत्या, सरासरी वय ६३. सगळ्यांना गर्भाशय होतं. निम्म्यांना दोन हार्मोन एकत्र दिले होते, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन. (त्यातलं इस्ट्रोजेन गाभण घोडीच्या मुतापासून काढलेलं होतं. हे सांगितलं की आमच्याकडच्या बाया पदर तोंडाला लावून हसतात.) स्तनाचा कर्करोग दर दहा हजार जणींमागे वर्षाला ३० जणींना व्हायचा, तो ३८ जणींना झाला. हे आठ खरेच आहेत, मी ते झाकत नाही. पण बातमीत आकडा आला तो '२६ टक्के वाढ' असा.

मुळात प्रोजेस्टिन का द्यायचं? तर नुसतं इस्ट्रोजेन दिलं की गर्भाशयाचं अस्तर वाढतं आणि तिथे कर्करोग होऊ शकतो. हे १९७५ पासून माहीत आहे. हा इशारा अमेरिकेनेही अजून काढलेला नाही. पण जिला गर्भाशयच नाही, तिला एरवी या दुसऱ्या औषधाची गरज नसते. त्याच अभ्यासाचा दुसरा भाग अशाच १०,७०० स्त्रियांवर झाला. पक्षाघात वाढला म्हणून २००४ मध्ये तो थांबवला. स्तनाचा कर्करोग मात्र वाढला नव्हता, आणि पुढच्या पाहणीत तर तो कमीच दिसला. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला हिशेब इतका उदार नाही. पन्नाशीला सुरू करून पाच वर्षं घेतलं, तर पुढच्या काळात दोन्ही हार्मोन रोज घेणाऱ्या ५० जणींमागे एक जादा कर्करोग, नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या २०० जणींमागे एक.

हे सगळे हिशेब पन्नाशीच्या पुढचे. तिसाव्या वर्षी अंडाशयं गेलेल्या बाईला देतात ते जादाचं काही नसतं, शरीराने अजून वीस वर्षं जे बनवलं असतं तेच बाहेरून द्यायचं असतं. नाही दिलं तर हाडं ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. म्हणून अशा बायकांना निदान पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन द्यावेत, असं स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला असेल, पायात रक्ताची गुठळी झाली असेल किंवा यकृत बिघडलेलं असेल, तर गोष्ट वेगळी. ते डॉक्टरांनी बघायचं.

माझी विनंती एवढीच, की पुढचा लेख छापताना 'पिशवी असलेल्या' आणि 'पिशवी काढलेल्या' असे दोन वेगळे रकाने करा. आणि बीएसओ म्हणजे काय, ते एका चौकटीत द्या. मी ते कात्रण काउंटरच्या काचेखाली लावीन. ती बाई दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर गेली, ती पाडव्याच्या सुमाराला परत येईल. डिस्चार्ज कार्ड माझ्याकडेच ठेवून गेली आहे, फडात भिजेल म्हणून.

आपली,
एक औषधविक्रेती, जि. बीड
(नाव व पत्ता संपादकांच्या माहितीसाठी सोबत दिला आहे. कृपया छापू नये.)