काकड्याला जाऊ द्या, पायरी तेवढी नीट करा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या विठ्ठल मंदिरांत काकडा चालेल आणि घरोघरी तोच वाद होईल : ‘आबा, पहाटे अंधारात देवळात कशाला? पडलात म्हणजे?’ मुलांची काळजी खरी आहे. सत्तरीनंतर खुब्याचं हाड मोडलं, तर माणूस पुन्हा पूर्वीसारखा चालेलच असं नाही. पण म्हणून आबांना घरी टीव्हीवरची आरती लावून देण्यात तोटाच जास्त आहे.

कॅलिफोर्नियातल्या अलामेडा परगण्यात 5,286 जणांची 28 वर्षं नोंद ठेवून केलेला अभ्यास 1997 साली प्रसिद्ध झाला. आठवड्याला किमान एकदा प्रार्थनेला जाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. या लोकांनी धूम्रपान सोडलं, व्यायाम वाढवला, माणसं धरून ठेवली, हे त्यामागचं एक कारण होतं. अर्थात ज्याचे पाय चालतात तोच देवळापर्यंत पोचतो, तेव्हा असे आकडे जपूनच वाचावेत. आपल्याकडे काय घडतं ते मात्र सरळ आहे. जाऊन-येऊन वीस मिनिटं चालणं होतं. प्रदक्षिणेचा मार्ग 40 मीटरचा असेल तर 25 प्रदक्षिणांत एक किलोमीटर होतो. पावलीत, म्हणजे टाळाच्या ठेक्यावर पावलं टाकत नाचताना, वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातं, म्हणजे तोल सांभाळण्याचा सराव होतो. पासष्टीपुढच्यांनी असा सराव आठवड्यातून किमान 3 दिवस करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिवाय दोन दिवस दिसले नाहीत, तर कुणीतरी दारात येऊन चौकशी करतं. टीव्ही ती करत नाही.

आता विश्वस्तांना विनंती. जीर्णोद्धारात जुनी खडबडीत फरशी काढून चकचकीत ग्रॅनाइट बसवण्याचा सोस आवरावा. त्यावर अभिषेकाचं पाणी आणि समईचं तेल सांडलं की अनवाणी पायही घसरतो. थंडीसाठी मोजे घातले असतील तर विचारूच नका. गाभाऱ्याबाहेर आणि तीर्थ देतात तिथे खरखरीत रबरी पट्ट्या चिकटवाव्यात, सांडलेलं तेल लगेच पुसायला एक माणूस नेमावा. पायरी साधारण 15 सेंटिमीटर उंच, 30 सेंटिमीटर रुंद आणि सगळ्या पायऱ्या सारख्या असाव्यात. एखादीच वेगळी असली की पाऊल चुकतं. दोन्ही बाजूंना सुमारे 90 सेंटिमीटर उंचीवर कठडा हवा, पायरीच्या कडेला आणि उंबऱ्याला पिवळा पट्टा हवा. चपला काढायच्या जागी बाक ठेवावा, कारण एका पायावर उभं राहून चप्पल काढतानाच तोल जातो.

खुर्चीचा प्रश्न याहून नाजूक. देवापुढे खुर्चीवर बसायचं कसं, म्हणून आजी दोन तास मांडी घालून बसतात आणि उठताना गुडघा धरतो, चक्कर येते. खुर्च्या मागे भिंतीपाशी मांडल्या तर तिथे कुणी जात नाही. त्या टाळकऱ्यांच्या शेजारीच मांडाव्यात. आसन 45 सेंटिमीटर उंच, दोन्ही हात असलेली, पायांना रबर असलेली खुर्ची घ्यावी. आणि हे बुवांनी स्वतः सांगावं. बुवांच्या तोंडून आलं की संकोच सुटतो.

घरच्यांनीही थोडं पाहावं. जाग आल्यावर दोन मिनिटं पलंगाच्या कडेला बसून मग उठावं. कढत पाण्याने आंघोळ करून लगेच निघू नये, रक्तदाब उतरतो. खिशात टॉर्च असावा. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर घरी परतल्यावर तळवे आरशात तपासावेत. खडा टोचलेला कळत नाही आणि जखम चिघळते.

याच महिन्यात कार्तिकी एकादशी येते. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी घेऊन पोट रिकामं ठेवलं तर रक्तातली साखर घसरते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं, आणि आसपासच्यांना तो थकवा वाटतो. साखर 70 च्या खाली गेली, की शुद्धीत असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. उलट दुपारी ताटभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर साखर उसळते. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असताना निर्जळी उपास तर नकोच. गोळी कमी करायची की वेळ बदलायची, हे उपासाच्या आठ दिवस आधी डॉक्टरांना विचारावं. एकादशीच्या सकाळी आपल्या मनाने ठरवू नये.

कोजागरीला अवकाश आहे. तोवर प्रत्येक मंदिराच्या विश्वस्तांनी एकदा पहाटे पाच वाजता, सभामंडपातले दिवे लावण्याआधी, अनवाणी त्या पायऱ्या उतरून पाहाव्यात. कठडा कुठे हवा ते तिथेच कळेल.

– एक फिजिओथेरपिस्ट, सातारा