जागरणात वाचायच्या रहस्यकथा

फोंडा, गोवा

प्रिय सुनीता,

मावशींचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून जीव भांड्यात पडला. रात्री त्यांच्या उशाशी बसून वाचायला रहस्यकथा हवी, पण रक्त आणि छळ नको, असं तू लिहिलंस. अशा कादंबऱ्यांना 'कोझी मिस्टरी' म्हणतात. खून असतो, पण तो पडद्याआड होतो, गाव लहान असतं आणि शोध घेणारी व्यक्ती बहुधा पोलिसातली नसते.

मुखपृष्ठावरच्या मांजरावर आणि चहाच्या कपावर विसंबू नकोस. त्यापेक्षा 'अगाथा पुरस्कार' असं छापलंय का ते बघ. अमेरिकेत 'मॅलिस डोमेस्टिक' मेळाव्यात १९८९पासून तो देतात, आणि उघड कामवर्णन व अतिरेकी हिंसा नसलेल्या पुस्तकांसाठीच तो आहे. मलपृष्ठावरच्या मजकुरात 'सीरियल किलर' किंवा 'सायकॉलॉजिकल थ्रिलर' असलं तर पुस्तक जागच्या जागी ठेव. मग नुसती पानं चाळ. मधूनमधून तिरप्या अक्षरांतली छोटी प्रकरणं दिसली, तर ती बहुतेक खुन्याच्या मनातली बडबड असते, आणि रात्री दोन वाजता ती मुळीच नको. शेवटी पहिली वीस पानं वाच. जो मरणार त्याच्यावर तोवर तुझा जीव जडला असेल, तर ते पुस्तक आत्ता तुझ्यासाठी नाही.

अगाथा ख्रिस्तीचं सगळंच हलकं नाही. १९३९ची 'अँड देन देअर वर नन' अजिबात घेऊ नकोस, तिच्यात धीर द्यायला कुणी उरतच नाही. तिच्याच मिस मार्पल या खेड्यातल्या चौकस म्हातारीची 'अ मर्डर इज अनाऊन्स्ड' (१९५०) घे. गावच्या पेपरात छोट्या जाहिरातींच्या रांगेत येतं की अमुक घरी शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला खून होईल, आणि शेजारीपाजारी काहीतरी निमित्त काढून वेळेवर हजर! आपल्या पोदेराला, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याला, जसं पाव किती घेतले यावरून कुणाकडे पाहुणे आलेत ते कळतं, तसं मिस मार्पल माणसं ओळखते.

अलेक्झांडर मॅकॉल स्मिथची बोत्स्वानातली प्रेशस रामोत्स्वे तुला सर्वांत जास्त आवडेल असं मला वाटतं. १९९८च्या पहिल्या पुस्तकात, 'द नंबर वन लेडीज डिटेक्टिव्ह एजन्सी'मध्ये, ती वडिलांची गुरं विकून डिटेक्टिव्ह एजन्सी काढते. प्रकरणं लहान आणि बरीचशी सुटी आहेत, त्यामुळे मावशींनी हाक मारली तरी धागा तुटत नाही. मात्र त्यात नवऱ्याच्या मारहाणीचा भाग आहे, आणि एक मुलगा बेपत्ता होतो. तो सुखरूप सापडतो, हे मुद्दाम आधीच सांगते.

रिचर्ड ऑस्मनची 'थर्स्डे मर्डर क्लब' (२०२०) सगळे सुचवतील. तिच्यातली म्हातारी मंडळी लोभस आहेत, पण आजारपण आणि विस्मरण तिथे पानोपानी आहे, आणि २०२३चं चौथं पुस्तक तर फारच हळवं करतं. मावशी हिंडू-फिरू लागल्या की वाच, आणि क्रमानेच वाच. अशा मालिकांत खुनाचा उलगडा त्या त्या पुस्तकात होतो, पण माणसांचं आयुष्य पुढे सरकत राहतं. मधलंच उचललं तर कोण कुणाशी का बोलत नाही हेच कळत नाही.

मराठीत हवं तर सत्यजित राय यांचा बंगाली गुप्तहेर फेलूदा, अशोक जैन यांच्या अनुवादात. मुळात मुलांसाठी लिहिलेला, म्हणून हिंसा बेताची. चोरीला गेलेल्या वस्तू, प्रवास, फसवे साधू, आणि जटायू या टोपणनावाने लिहिणाऱ्या त्याच्या लेखक-मित्राची धमाल. पुस्तकं बारीक आहेत, एकेक दोन रात्रींत संपेल. पणजीत पाट्टोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात आधी विचार. नाहीच मिळालं तर किंडलवर इंग्रजी पुस्तकांचा सुरुवातीचा भाग फुकट उतरवता येतो. वीस पानांच्या परीक्षेला तेवढा पुरे.

पहिल्यांदा रामोत्स्वेच घे. कुठे अडलीस किंवा मन जड झालं तर पान कळव, पुढचं त्यावरून सुचवते. मावशींना नमस्कार.

तुझी,
मेधा