हिडकलच्या पाण्याच्या कडेनं

टिळकवाडी, बेळगाव

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू पुन्हा विचारलंस, "पण आई, एकटीच कशाला?" आणि मी "पत्रात लिहिते" म्हणून विषय थांबवला. मी सुखरूप आले हे बाबांनी तुला सांगितलंच आहे. तरी संकेश्वरहून दड्डीपर्यंतचा सायकलवरचा तो एक दिवस तुला सविस्तर कळवायचा आहे. तुझ्या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर त्या दिवसातच आहे.

बेळगाव ते संकेश्वर सगळा महामार्ग. काकती, वंटमुरीचा घाट, हत्तरगीचा टोलनाका. ट्रकांचा आवाज आणि धूळ, बाकी सांगण्यासारखं काही नाही. जिथे सर्व्हिस रोड मिळाला तिथे तो धरला. रात्री मावशीकडे मुक्काम केला.

सकाळी मावशीनं ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगाचटणी आणि परतलेली वांगी बांधून दिली. उजाडता उजाडता हुक्केरीच्या रस्त्याला लागले. उसाचा हंगाम सुरू झालाय. तुला भीती वाटते ती रस्त्याची, म्हणून हे नीट लिहिते. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मागून येतो तेव्हा त्याचं इंजिन पुढे गेलं म्हणजे तो गेला, असं समजायचं नसतं. मागची ट्रॉली वळणावर आत ओढली जाते, आणि ड्रायव्हरला ती दिसत नाही. त्यात बाहेर आलेला ऊस अंगाला लागू शकतो. मी काय करत होते, सांगते. गाणी ऐकू आली की ट्रॅक्टर येतोय हे कळायचं, कारण प्रत्येक ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी लागलेली असतात. मग मी सायकल रस्त्याच्या खाली उतरवून उभी राहायची. दोन्ही ट्रॉल्या गेल्या की पुन्हा वर. असं कितीदा तरी केलं. कुठे पोचायची घाई नव्हती, त्यामुळे त्याचा त्रास वाटला नाही. सोबत कोणी असतं तर त्यांना थांबवून ठेवल्याचा संकोच वाटला असता आणि मी दोनचारदा तरी न थांबता रेटलं असतं. हे मला त्या रस्त्यावरच लक्षात आलं.

गावं आली की निम्मा रस्ता मक्यानं झाकलेला. डांबर तापतं, दाणे लवकर वाळतात, म्हणून लोक तिथंच पसरतात. कडेला दगड ठेवलेले असतात, त्यांच्या बाहेरून जायचं. सोयाबीनची मळणीही चालली होती. मशीनचा भुसा वाऱ्यावर उडून डोळ्यांत जातो. तू दिलेला चष्मा तिथे उपयोगी पडला.

हुक्केरीत चहा घेतला, आदिलशाही काळातले घुमट रस्त्यावरूनच पाहिले आणि हिडकलकडे वळले.

बाळ, हिडकलबद्दल मला काय माहीत होतं? पावसाळ्यात रोज सकाळी पेपरात येतं ते. राकसकोपची पातळी इतकी, पूर्ण पातळी 2475 फूट. हिडकलची इतकी, पूर्ण पातळी 2175 फूट. आपल्या नळाला या दोन ठिकाणांहून पाणी येतं, म्हणून बेळगावचं प्रत्येक घर ते आकडे वाचतं. धरण भरलं की आपण "चला, उन्हाळ्याची काळजी मिटली" म्हणतो. मीही वर्षानुवर्षं तेच म्हणत आले.

ते पाणी परवा मी पहिल्यांदा जवळून पाहिलं. घटप्रभा सह्याद्रीतून येते, पुढे गोकाकला 52 मीटर खाली उडी घेते, ती उडी आपण सगळ्यांनी पाहिलेली. पण त्याआधी तिला इथं अडवून धरलंय. धरण 62 मीटरहून उंच आहे, दहा दरवाजे आहेत, 1977 मध्ये काम पुरं झालं. 51 टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे 2,830 कोटी लिटर, आता तूच गुणाकार कर. बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांतली शेतं यावर भिजतात. धरणाचं कागदोपत्री नाव राजा लखमगौडा धरण. वंटमुरीचे संस्थानिक होते ते. तू ज्या आर. एल. एस. कॉलेजात शिकलास त्यातले आर. एल. म्हणजे हेच. इतकी वर्षं त्या कॉलेजच्या फाटकातून तुझी ये-जा होती, पण आपल्या घरात कधी ते नाव निघालं नव्हतं.

धरणापाशी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हुन्नूरच्या विठ्ठल मंदिराची गोष्ट सांगितली. ते देऊळ पाण्यात आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, लोक दर्शनाला जातात, पावसाळ्यात परत बुडतं. मी विचारलं, कुठे? त्यांनी हात लांब केला. तिथं नुसतं पाणीच होतं, जलाशय भरलेला असताना दुसरं काय दिसणार? तरी मी त्या दिशेला नमस्कार केला. सायकलचा हँडल एका हातात धरून केला, पण मनापासून केला.

तिथून पाच्छापूरच्या बाजूनं यमकनमर्डीकडे निघाले. हा रस्ता मला सगळ्यात आवडला. चढ-उतार आहेत, पण मोठे नाहीत. लहान गिअर टाकून बसून राहिलं की पाय आपोआप लय धरतात. पाणी मधूनच दिसतं, मधूनच टेकडीमागं जातं. काठाच्या चिखलात बगळे, पाणकावळे, आणि लांबवर केशरी अंगाची एक जोडी होती, ती चक्रवाकाची असावी. हिवाळ्याचे पाहुणे आता यायला लागलेत.

दुपारी एका वस्तीवर पाणी भरून घ्यायला थांबले. अंगणात एक बाई सोयाबीन पाखडत होत्या, सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी कन्नडमधून विचारलं, "ओब्बरे बंदीरेन्री?" मी म्हटलं, हौद्री, एकटीच. माझं कन्नड ऐकून त्यांनी लगेच मराठी सुरू केलं. माहेर त्यांचं महाराष्ट्रातल्या नेसरीकडचं. "कुठनं आलासा? घरातलं कोण न्हाई संगं? बसा, बसा आधी." ताक दिलं, त्यात जिरं आणि हिरवी मिरची ठेचून घातलेली. मी माझी भाकरी सोडली, त्यांनी त्यांच्या घरची उसळ वाढली. मग बराच वेळ आम्ही बोलत बसलो.

त्या लग्न होऊन आल्या तेव्हा घर खाली होतं. खाली म्हणजे आता जिथं पाणी आहे तिथं. विहीर, गोठा, खळं, दारात चिंच. धरण होणार हे सासऱ्यांच्या वेळेपासून ऐकत होते, पण खरंच पाणी येईल असं कोणाला वाटत नव्हतं. मग एका पावसाळ्यात ते आलं. घराची लाकडं आधीच काढून वर आणली होती. आताच्या घराच्या आढ्याला आहेत ती त्यातलीच, असं म्हणून त्यांनी मला आत नेऊन ती दाखवली. काळी, तेलकट, जाड लाकडं. चिंच तोडली नाही. "कोण तोडणार वो तिला," म्हणाल्या. अजून उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की त्यांचा मुलगा त्याच रानात गाळपेर करतो. ओल असते, पीक येतं. पाऊस लागला की रान परत पाण्यात. रान आपलं आणि आपलं नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत. हे मी म्हणतेय. त्यांनी फक्त सांगितलं, की धाकट्या नातवाला कुठली विहीर कुठं होती ते त्या दर उन्हाळ्यात चालत जाऊन दाखवतात.

मी बेळगावची म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग हितलंच पाणी पिता की तुमी." त्यात कसलीही तक्रार नव्हती. नातं जोडावं तसं म्हणाल्या. मला मात्र त्याक्षणी काही बोलता आलं नाही. पेपरातले 2175 फूट मी इतकी वर्षं वाचले. ती पातळी कोणाच्या खळ्यावरून आणि कोणाच्या चिंचेवरून जाते, हे मला एका अंगणात बसून कळलं. पुढच्या पावसाळ्यात धरण भरल्याची बातमी येईल तेव्हा मला बरं वाटेलच, आपल्यालाही पाणी लागतंच. पण त्या बाईंच्या घराची आठवण झाल्याशिवाय ती बातमी माझ्याकडून वाचली जाणार नाही.

आता तुझा प्रश्न. आम्ही मोटारीनं गेलो असतो तर तिथं थांबलोच नसतो. आम्ही चौघीजणी सायकलवर असतो तर थांबलो असतो, पण एकमेकींशीच बोललो असतो. पाणी भरून, फोटो काढून पुढे गेलो असतो. त्या बाई लांबूनच हसल्या असत्या. मी एकटी होते म्हणून त्यांना माझी काळजी वाटली, काळजी वाटली म्हणून त्यांनी बसवलं, आणि बसवलं म्हणून त्या बोलल्या. एकट्या बाईला धोका असतो असं तू म्हणतोस, तो असतोही, मी नाकारत नाही. पण एकट्या बाईसाठी दारंही उघडतात. त्या संबंध दिवसात मला जेवलात का असं विचारणारी माणसं भेटली, कानडी आणि मराठी दोन्ही. "ऊटा आतेन्री?" ऐकून ऐकून पोट भरावं इतकी.

आणि आणखी एक, जे तुझ्याशी मी कधी बोलले नाही. आयुष्यभर मी शाळेच्या घंटेवर आणि घरातल्या घड्याळावर चालले. ते मला जड झालं असं नाही, शिकवणं मला फार आवडायचं आणि तुम्हा दोघांचं करणंही. पण कुठं थांबायचं, किती वेळ थांबायचं आणि कधी निघायचं, हे फक्त माझ्या मनानं ठरवलेला दिवस मला माझ्या आठवणीत सापडत नव्हता. यमकनमर्डीच्या अलीकडे वारा समोरून सुरू झाला. सायकल चालत्या माणसाच्या वेगानं पुढे सरकत होती, मांड्या भरून आल्या होत्या. तरी मी मोठ्यानं गात होते, अभंग, बडबडगीतं, जे सुचेल ते. ऐकायला कोणी नव्हतं. असा आनंद मला साठीच्या उंबरठ्यावर मिळावा, याचं मला अजून नवल वाटतं. तो कोणाच्या काळजीपोटी मी सोडणार नाही, तुझ्याही नाही.

काळजी कमी व्हावी म्हणून मी काय पाळते, तेही लिहून ठेवते. अंधाराआधी मुक्कामी. मुक्काम ओळखीच्याच घरी, आधी कळवून. प्रत्येक मोठ्या गावात बाबांना फोन. पाण्याच्या काठावर सायकल नेत नाही, गाळाची कड वरून कोरडी दिसते आणि खाली पाय रुततो. पंक्चर काढता येतं, जादा ट्यूब आणि पंप जवळ असतो. बाभळीच्या काट्यांच्या या मुलखात त्यांच्याशिवाय निघूच नये.

हत्तरगीहून दड्डीच्या रस्त्याला वळले तेव्हा उन्हं कलली होती. त्या बाजूला जलाशयाचे फाटे शिरलेले आहेत आणि पाट्या कानडी असल्या तरी दुकानांतली बोली आपली आहे. मोहनग्याच्या भावेश्वरीला बाहेरूनच हात जोडले. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या बाई दड्डीत राहतात, त्या रस्त्यावर येऊन उभ्या होत्या. गरम पाणी, पिठलं, भात. नऊच्या आत झोपले.

आता पुढचं. मार्गशीर्ष पौर्णिमेची यल्लम्माची गर्दी ओसरली की मी बैलहोंगलमार्गे सौंदत्तीला जाणार आहे. तिथून नविलुतीर्थाचं धरण पाहायचं आहे. मलप्रभेचा कणकुंबीचा उगम तू लहान असताना आपण पाहिला होता, तिचं अडवलेलं पाणी मी अजून पाहिलेलं नाही. नाताळच्या सुट्टीत तू येशील तेव्हा माझ्यासाठी पुढचा एक चांगला दिवा आणि मागच्या चाकाच्या मापाच्या दोन ट्यूब आण. माप बाबा कळवतील. आणि तुला यायचंच असेल तर बाबांना घेऊन बसनं सौंदत्तीला या. संध्याकाळी तिथं भेटू, एकत्र जेवू. रस्ता मात्र मी एकटीनंच करणार आहे.

तब्येतीला जप. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी,
आई