गोलीच्या आईचं पत्र

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "ते राहू दे, तिच्या गुडघ्याचं काय झालं?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांसमोर लिहितेय, इथे तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही. शिवाय मिनेसोटात नव्यानं आलेल्या एखाद्या मराठी घरातलं पोर उद्या शाळेतून येऊन "मला हॉकी खेळायचीय" म्हणालं (इथली हॉकी म्हणजे बर्फावर स्केट घालून खेळतात ती), तर हे प्रकरण कशाशी खातात ते त्यांनाही थोडं कळेल.

आमची लेक दुसरीत असताना असंच म्हणाली होती. मेपल ग्रोव्हच्या देवळात प्रसादाच्या रांगेत कुणीतरी तुमच्याकडे बोट दाखवलं, "यांची दोन्ही मुलं खेळलीत." मी विचारलं, चांगला क्लास कुठला? तुम्ही म्हणालात, "क्लास नसतो, संघटना असते. आणि तिथे मुलीच्या आधी तुमचं नाव लागतं."

ते लवकरच कळलं. इथे मुलं आपापल्या गावाच्या संघटनेकडून खेळतात, आणि गाव म्हणजे बहुतेक वेळा हायस्कूलची हद्द. आठ, दहा, बारा वर्षांखालचे गट, मुलींना पुढे पंधराखालचा, आणि मग शाळेचा संघ. अमेरिकेत इतरत्र बऱ्याच ठिकाणी चांगल्या खेळाडूला क्लबच्या मागे राज्याराज्यांतून फिरावं लागतं. मिनेसोटात पोर ज्यांच्यासोबत बर्फावर पहिल्यांदा आपटलं, त्यांच्यासोबतच बारावीत खेळू शकतं. पण हे सगळं चालवतात आईबाप. घड्याळ सांभाळायचं, शिक्षा झालेल्या खेळाडूला बसवतात त्या पेनल्टी बॉक्सचं दार उघडायचं, कॉफी विकायची. सुरुवातीलाच एक चेक लिहून घेतात, कामाचे तास भरले नाहीत तर तो वटवतात. गणपती मंडळच समजा, फक्त वर्गणी मोठी आणि मांडव थंडगार. सांगलीत आयुष्यभर मंडळापासून लांब राहिलेला माझा नवरा तुमच्यामुळे इथे घड्याळवाला झाला.

आठवड्याभरानं तुम्ही गॅरेजच्या माळ्यावरून सामान काढलंत. शिनगार्ड, कोपराचे पॅड, ब्रीझर्स म्हणजे ती फुगीर अर्धी चड्डी. सगळं दिलंत, हेल्मेट सोडून. त्याच्या मागचं स्टिकर दाखवलंत. इथल्या हेल्मेटला एचईसीसीचं, म्हणजे हॉकीचं सामान प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं, प्रमाणपत्र लागतं आणि बनवल्याच्या तारखेपासून साडेसहा वर्षांनी ते संपतं. "बाकी सगळं जुनं चालेल, डोक्यावरचं नको." वर एक नियम घालून दिलात, की घरी आल्या आल्या बॅग उघडायची, एकेक वस्तू टांगायची आणि पंखा लावायचा. बॅग रात्रभर बंद राहिली तर काय होतं ते इथे लिहीत नाही, लोक जेवताना वाचत असतील.

भावोजींचे आभार वेगळे. नागपूरच्या उन्हात वाढलेला माणूस जानेवारीत उणे वीसमध्ये रात्री अकराला मागच्या अंगणात पाण्याची नळी धरून उभा! घाईनं भरपूर पाणी सोडलं तर वर पापुद्रा धरतो, खाली पोकळ राहतं आणि त्यात स्केट अडकतो. म्हणून पातळ थर द्यायचा, तो गोठू द्यायचा, मग पुढचा. स्वतःची दोन्ही मुलं घराबाहेर पडल्यावरही आमच्या पोरीसाठी ते हे करत राहिले. पडून उठायला ती तिथेच शिकली. बर्फावर उठायचं कसं हे वेगळं शिकावं लागतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

मग दहाखालच्या गटात तिनं गोली, म्हणजे गोलरक्षक, व्हायचं ठरवलं. मी फोन केला तर पलीकडून आधी नुसतं "अगं बाई!" ऐकू आलं. धाकट्यामुळे तुम्ही त्यातून गेला होतात. मैदानातल्या बाकी पाचजणींच्या हातून पक, म्हणजे खेळायची ती रबरी चकती, निसटला तर तो कुणाच्या लक्षात राहत नाही. गोलीकडून निसटला की बोर्डवरचा आकडा बदलतो, आणि सगळं स्टँड एकदा जाळीकडे आणि एकदा तिच्या आईकडे बघतं. म्हणून गोलीच्या आया रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, कोपऱ्यात एकट्या उभ्या असतात. तुम्ही मला तिथे उभं राहू दिलंत, पण हातात पेन्सिल आणि कागद देऊन. शॉट मोजायचे. अडवला नसता तर जाळीत गेला असता तोच शॉट, खांबाला लागून गेलेला धरायचा नाही. इतकं बारकाईनं बघायचं तर किंचाळायला सवड होत नाही. मला हे काम संघाच्या सोयीसाठी दिलंय असंच मी बरीच वर्षं समजत होते.

त्याच सुमारास आमच्या स्टँडमध्ये एक वडील पंचावर तोंड टाकत होते. लहान गटांत पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातला पंच पुष्कळदा नववी-दहावीतला पोरगा असतो. तुम्ही चिवड्याचा डबा घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसलात, डबा पुढे केलात आणि सहज म्हणालात, "तो पंच आमच्या गल्लीतला. गेल्या वर्षापर्यंत आमचं गवत कापायचा." पुढचा सगळा पिरियड ते गृहस्थ चिवडा खात होते.

फेब्रुवारी २०१८ मधली ती रात्र लेक अजून सांगते. प्योंगचांग ऑलिंपिकमधली मुलींच्या हॉकीची अंतिम फेरी, अमेरिका विरुद्ध कॅनडा, इथे मध्यरात्र उलटलेली, सामना शूटआउटमध्ये. तुमचा मेसेज आला, "उद्याची शाळा राहू दे. उठव तिला." अमेरिकेच्या जाळीत मॅडी रूनी होती. अँडोव्हरची, म्हणजे आमच्या शेजारच्याच उपनगरातली, अवघी वीस वर्षांची. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी ती चक्क मुलांच्या संघाची गोली होती. तिनं कॅनडाचा शेवटचा फटका अडवला आणि १९९८ नंतर पहिल्यांदा अमेरिकेच्या मुलींना सुवर्ण मिळालं. आमची चौथीतली पोर पायजम्यात, सोफ्यासमोर गुडघे टेकून त्याच पवित्र्यात बसली होती. दुसऱ्या दिवशी शाळेत तिनं काय दिवे लावले ते विचारू नका.

आता थोडं भीतीबद्दल, कारण नातेवाईक तेवढंच विचारतात. दात पडले तर? मुलीची जात, तोंडाला काही झालं तर? तोंडावर पूर्ण जाळी असते हे सांगून मी दमले. मुलींच्या खेळात अंगावर जाऊन धडक द्यायला परवानगीच नाही, मुलांनाही बाराखालच्या गटापर्यंत २०११ पासून नाही. पण भीती नियम वाचून जात नाही. ती कशी सांभाळायची ते मी तुमच्याकडे बघून शिकले. २०११ च्या डिसेंबरात जॅक जॅब्लॉन्स्की नावाचा शाळकरी खेळाडू मागून बसलेल्या धक्क्यानं बोर्डवर, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीवर, आदळला आणि त्याचं शरीर लुळं पडलं. तुमचा थोरला तेव्हा तसाच शाळेच्या दुय्यम संघात खेळत होता. रिंकच्या पार्किंगमध्ये हे मला सांगताना तुम्ही गाडीच्या किल्ल्या नुसत्या फिरवत होतात. त्या जानेवारीत राज्याच्या शालेय मंडळानं मागून धडक आणि बोर्डवर आदळणं यांच्या शिक्षा कडक केल्या. तुम्ही त्या आठवड्यात मुलाला घरी ठेवलं नाहीत, पण प्रशिक्षकांना भेटून धडक कशी घ्यायची, बोर्डाजवळ अंग कसं वळवायचं, हे सराव करून घेतलंच जाईल असं वदवून घेतलंत.

म्हणूनच ऑक्टोबर २०२३ मध्ये हिबिंगचा ॲडम जॉन्सन इंग्लंडमध्ये खेळताना मानेला स्केटचं पातं लागून गेला, तेव्हा तुम्ही फोनवर हळहळत बसला नाहीत. मानेचा पट्टा घेऊन दारात हजर झालात. हिबिंग आपल्याच राज्यातलं, इथल्या प्रत्येक घरात तो आठवडा जड गेला. यूएसए हॉकी या देशपातळीवरच्या संघटनेनं लहानांना हा पट्टा १ ऑगस्ट २०२४ पासून सक्तीचा केला. आमच्या घरात तो त्याच्या आधीच सक्तीचा झाला होता, तुमच्या हुकमानं. "गरम होतं, घाम येतो," अशी कुरकुर झाली तेव्हा तुम्ही "येऊ दे" एवढंच म्हणालात.

पण ताई, हे सगळं एका बाजूला आणि अकरावीचं वर्ष एका बाजूला.

गोलीची जागा एकच असते. तिच्याहून वरच्या वर्गातली मुलगी उत्तम होती, तिलाच जाळी मिळाली, आणि त्यात काही चुकीचंही नव्हतं. आमची बाकावर. म्हणजे आख्ख्या मोसमात पूर्ण चिलखत चढवायचं, बाकाच्या टोकाला उभं राहायचं, खेळाडू बदलताना येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी दार उघडायचं, पाण्याच्या बाटल्या पुढे करायच्या. पोर रडायची नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. मला वाटायला लागलं, कामावरून धावतपळत तासभर गाडी चालवून जायचं ते कशासाठी, ती खेळणार तर नाहीच. तुम्हाला मी हे बोलले तेव्हा तुम्ही जरा रागावूनच म्हणालात, "सामन्याला उशीर झाला तरी चालेल. वॉर्मअपला वेळेवर पोच. तिची मॅच तीच आहे."

त्याआधी मी वॉर्मअप कधी नीट पाहिलाच नव्हता. सामना सुरू होण्याआधीची ती दहा-पंधरा मिनिटं, स्टँड निम्मं रिकामं, लाउडस्पीकरवर गाणी. पहिली गोली पाय मोकळे करायला बाजूला झाली की आमची जाळीत जायची, आणि सगळा संघ तिच्यावर फटके मारायचा. वरचे, खालचे, पडद्याआडून आलेले. ती सगळ्यांवर तुटून पडायची. हरण्या-जिंकण्याचा प्रश्नच नव्हता, पण मी कागद काढून शॉट मोजू लागले. ती मान वर करून काचेपलीकडे बघायची, मी दिसले की हातातली काठी एकदा खांबावर आपटायची. आम्ही याबद्दल घरी कधी बोललो नाही. त्या वर्षी ती खेळ सोडणार नाही एवढी माझी खात्री त्या काठीच्या आवाजानं झाली. तुमचा धाकटाही दोन वर्षं बाकावर होता हे मला तुमच्याकडून कधी कळलं नाही. ते परवा त्याच्याच तोंडून ऐकलं.

आणखी एक. तुम्हाला मुलगी नाही, तरी दर फेब्रुवारीत रजा काढून तुम्ही सेंट पॉलला मुलींची राज्य स्पर्धा बघायला जायचात आणि आम्हाला ओढून न्यायचात. मुलांची स्पर्धा १९४५ पासून आहे. मुलींच्या हॉकीला शालेय खेळ म्हणून मान्यता देणारं मिनेसोटा हे देशातलं पहिलं राज्य, पण तेही १९९४ साली. मार्चमध्ये मुलांच्या सामन्यांना माणसाला माणूस चिकटून बसतं, त्यांच्या केसांच्या झुलपांचीसुद्धा चर्चा होते. मुलींच्या सामन्याला हवी ती खुर्ची निवडा. मला याचा राग येतो. तुम्ही कधी रागावून बोललात नाही, पुढच्या रांगेत जाऊन मोठ्यानं टाळ्या वाजवल्यात.

या वर्षी जाळी तिची आहे. काही सामने हरलो, एक तर फार वाईट हरलो. गाडीत मी "भूक लागलीय का?" यापलीकडे काही विचारत नाही, तुमच्या सांगण्याप्रमाणे. घराजवळच्या वळणावर ती आपण होऊन बोलायला लागते.

आता कामाचं. तुम्ही टेक्सासला थोरल्याकडे राहायला गेल्यापासून इकडे फिरकला नाहीत. फेब्रुवारीत सिनियर नाइट आहे. सामन्याआधी बारावीच्या मुली आपापल्या घरच्यांना घेऊन बर्फावर येतात, माइकवर नावं पुकारतात. तिनं फॉर्मवर आमच्या दोघांच्या खाली "मावशी आणि काका" असं लिहून दिलंय, मला न विचारता. तेव्हा तिकिटं काढा. राहायचं आमच्याकडेच, हॉटेलचं नावही काढू नका. बर्फावर गालिचा अंथरतात, पण तो निळ्या रेषेपर्यंतच पुरतो, म्हणून रबरी तळाचे बूट आणा. भावोजींना सांगा, टेक्सासच्या जाकिटानं इथे भागणार नाही, त्यांचं जुनं आमच्याकडेच आहे. वॉर्मअप साडेसहाला सुरू होतो.

तुमची,
गोलीची आई