किमान वेतनात घरभाडे किती धरले आहे?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

किमान वेतनवाढीसंबंधी आपल्या दैनिकात आलेली पत्रे मी लक्षपूर्वक वाचली. वाढ किती असावी, उद्योगांना ती पेलेल काय आणि तिच्यामुळे रोजगार घटेल काय, या तीन प्रश्नांभोवतीच सगळी चर्चा फिरते आहे. हे वेतन ठरवताना मजुराचे घरभाडे कसे मोजतात, या प्रश्नाला मात्र कोणी हात घातलेला दिसला नाही. माझी नोकरीची सारी वर्षे हजेरीपत्रके आणि पगारपत्रके करण्यात गेली. त्या अनुभवावरून मला ठामपणे वाटते की, किमान वेतनावर राबणाऱ्या माणसाचा महिना निभतो की नाही, याचा निकाल मुख्यतः भाड्यावर लागतो आणि वेतनाच्या हिशेबात नेमकी तीच रक्कम सर्वांत ढिसाळपणे धरलेली असते.

पगारपत्रक करणाऱ्याच्या टेबलावर उचलीचे अर्ज येत असतात. आजारपण, मुलांची फी अशा अडीनडीला माणसे उचल घेतात, अशी माझी सुरुवातीची समजूत होती. पुढे अर्जांवरच्या तारखा पाहण्याची सवय लागली तेव्हा ध्यानात आले की, किमान वेतनावरच्या कामगारांचे बहुतेक अर्ज महिन्याच्या ठरावीक तीन-चार दिवसांतच येतात आणि ते दिवस भाडे चुकते करण्याच्या तारखेच्या अगदी तोंडावरचे असतात. एका मदतनिसाचे अर्ज आजही माझ्या डोळ्यांसमोर आहेत. कारणाच्या रकान्यात तो दर वेळी ‘घरभाडे’ एवढा एकच शब्द लिहीत असे. घेतलेली उचल पुढच्या पगारातून कापली जाई, त्यामुळे हातात पडणारी रक्कम कमी भरे आणि पुढच्या भाड्याला पुन्हा उचल लागे. असे सलग अकरा महिने चालले. बाराव्या महिन्यात त्याचा अर्ज आला नाही म्हणून मला बरे वाटले होते, पण हजेरीपत्रक उघडले तर त्याच्या नावापुढे खाडेच खाडे होते. भाडे परवडेना म्हणून त्याने बिऱ्हाड लांब हलवले होते आणि तेथून पहिल्या पाळीला वेळेवर पोहोचणे त्याला जमत नव्हते. शेवटी त्याने काम सोडले. त्याला कायद्याने ठरलेले वेतन मिळत होते आणि एका पैशाचीही अफरातफर झाली नव्हती, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे.

भाडे हा खर्च इतर खर्चांसारखा नसतो. मजुरी रोजावर किंवा तासावर मोजली जाते आणि खाडा झाला की कापली जाते, भाडे मात्र सुटीच्या दिवशी, आजारपणात आणि काम बंद असतानाही चालूच राहते. पैसे कमी पडले तर माणूस एक वेळ अर्धपोटी राहतो, फाटका कपडा आणखी काही महिने वापरतो, औषधाचा डोस लांबवतो. पण खोलीचा एक कोपरा परत करून पाव भाडे वाचवता येत नाही. त्यातच नव्या घरासाठी अनामत रक्कम एकरकमी भरावी लागते आणि महिन्याकाठी काहीच शिल्लक पडत नसलेल्या माणसाला ती उभी करणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून मिळेल ती खोली, मालक म्हणेल त्या भाड्याने, त्याला घ्यावी लागते.

ही गोष्ट नव्याने कळलेली नाही. कुटुंब जितके गरीब तितका त्याच्या मिळकतीचा मोठा हिस्सा अन्नावर जातो, हे एर्न्स्ट एंगेल या जर्मन सांख्यिकीतज्ज्ञाने 1857 मध्ये मांडले, आणि भाड्याच्या बाबतीतही तसेच घडते, हे हेर्मान श्वाबे याने बर्लिनच्या आकड्यांवरून 1868 मध्ये दाखवले. किमान वेतनाचे कायदे त्यानंतरचे आहेत. न्यूझीलंडने 1894 मध्ये आणि ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरियाने 1896 मध्ये त्यांची सुरुवात केली. म्हणजे कायदे करणाऱ्यांपुढे हे ज्ञान तयार होते.

त्याचा उपयोग प्रामाणिकपणे कसा करता येतो, याचे उत्तम उदाहरण 1907 मधील ऑस्ट्रेलियाच्या हार्वेस्टर निवाड्यात सापडते. न्यायमूर्ती हेन्री हिगिन्स यांच्यापुढे प्रश्न होता की, अकुशल मजुराला ‘न्याय्य आणि वाजवी’ वेतन म्हणजे किती द्यावे. धनी किती देण्यास तयार आहे, येथून त्यांनी सुरुवात केली नाही. मजुरांच्या घरांतील प्रत्यक्ष खर्चाचे पुरावे त्यांनी न्यायालयात घेतले, त्यात भाडे आठवड्याला 7 शिलिंग धरले आणि वेतन दिवसाला 7 शिलिंग ठरवले. आठवड्याच्या सहा दिवसांपैकी एका दिवसाची मजुरी छपरासाठी, असा तो सरळ हिशेब होता. पुढे तेथील उच्च न्यायालयाने, ज्या कायद्याखाली हा निवाडा दिला गेला तो कायदाच घटनाबाह्य ठरवला, तरी निवाड्यातील मापदंड मात्र अनेक दशके टिकून राहिला.

आता याच्याशेजारी भारतातला हिशेब ठेवून पाहावा. सरकार, मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी एकत्र बसवणाऱ्या भारतीय श्रम परिषदेने 1957 च्या पंधराव्या बैठकीत अन्नासाठी प्रौढ माणसामागे 2,700 कॅलरी आणि कापडासाठी चौघांच्या कुटुंबाला वर्षाला 72 वार असे स्पष्ट माप घालून दिले. भाड्यासाठी मात्र सरकारच्या औद्योगिक गृहनिर्माण योजनेतील किमान क्षेत्रफळाच्या घराचे भाडे धरावे, असे ठरले. त्या योजनेतले घर ज्याला मिळाले नाही त्याला बाजारातलेच भाडे द्यावे लागणार, याचा विचार त्यात नव्हता. वेतनविषयक कायदे एकत्र करणाऱ्या वेतन संहितेखाली 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्राच्या मसुदा नियमांत तर अन्न आणि कापड यांच्या खर्चाच्या 10 टक्के रक्कम भाड्यापोटी धरली होती, इंधन, वीज व किरकोळ खर्चासाठी किमान वेतनाच्या 20 टक्के आणि शिक्षण, औषधपाणी इत्यादींसाठी 25 टक्के. आकडेमोडीची सवय असल्यामुळे मी हे गणित मांडून पाहिले. अन्न-कापडाचा खर्च 100 धरला तर भाडे 10 होते. हे 110 म्हणजे वेतनाचे उरलेले 55 टक्के, म्हणून पूर्ण वेतन 200 येते. त्यात 10 भाड्याचे, म्हणजे अवघे 5 टक्के. महिन्याच्या 26 कामाच्या दिवसांतील जेमतेम सव्वा दिवसाच्या मजुरीत कुटुंबाला महिनाभर छप्पर मिळते, असे यात गृहीत आहे. इतक्या रकमेत भाड्याने घर मिळालेला एकही कामगार माझ्या पगारपत्रकांत नव्हता.

उलट बाजूने, मिळकतीच्या 30 टक्क्यांपर्यंतचे भाडे परवडणारे समजावे, असा एक दंडक जगभर उद्धृत केला जातो. अमेरिकेत सार्वजनिक घरांच्या भाड्याला 1969 मध्ये 25 टक्क्यांची मर्यादा घातली गेली आणि 1981 मध्ये ती 30 वर नेण्यात आली, तेथून हा आकडा रूढ झाला. सधन माणसाने मिळकतीच्या निम्मे भाडे दिले तरी त्याच्या ताटातले काही कमी होत नाही, पण किमान वेतनातून 30 टक्के काढले तर उरलेल्या 70 टक्क्यांत अन्न, प्रवास, शाळा आणि दवाखाना बसतोच असे नाही. म्हणून भाडे दिल्यानंतर हातात काय उरते, ते मोजले पाहिजे. तरीही हाच ढोबळ दंडक लावला तर काय दिसते? अमेरिकेचे संघीय किमान वेतन जुलै 2009 पासून तासाला 7.25 डॉलर इतकेच आहे, आणि तेथील अल्प उत्पन्न गटाच्या घरांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय आघाडीच्या 2024 च्या अहवालानुसार दोन शयनगृहांचे साधे घर परवडण्यासाठी तासाला 32.11 डॉलर मिळावे लागतात. काही राज्यांचे स्वतःचे किमान वेतन बरेच जास्त आहे, पण पूर्णवेळ काम करून तसे घर परवडावे असे एकही राज्य या अहवालात सापडत नाही.

युरोपीय संघाच्या 2022 च्या निर्देशात किमान वेतन पुरेसे आहे की नाही हे तपासण्यासाठी मध्यक वेतनाच्या, म्हणजे निम्म्या कामगारांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना ज्याहून जास्त मिळते त्या वेतनाच्या, 60 टक्के हे माप सुचवले आहे. इतरांच्या पगाराशी तुलना करायला ते ठीक आहे, परंतु घरमालकाला टक्केवारी देऊन भागत नाही.

वेतन वाढवले की घरमालक भाडे वाढवतील आणि वाढ त्यांच्या खिशात जाईल, असा आक्षेप एका पत्रलेखकाने घेतला आहे. घरे अपुरी असतील तेथे तो बऱ्याच अंशी खरा आहे, हे मी मान्य करतो. परंतु त्यावरून वेतन वाढवू नये असे ठरत नाही, घरेही बांधावी लागतील असे ठरते. व्हिएन्नाने 1923 मध्ये खास गृहनिर्माण कर बसवला, त्याचा बोजा आलिशान घरांवर अधिक टाकला आणि 1934 पर्यंत 60 हजारांहून अधिक नगरपालिकेची घरे उभी केली. आजही त्या शहरातील सुमारे निम्मे रहिवासी नगरपालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात. अशा शहरात किमान वेतनातल्या वाढीचा पैसा मजुराच्या घरात राहण्याची शक्यता कितीतरी अधिक असते.

वेतन ठरवणाऱ्या मंडळांकडे माझे मागणे साधे आहे. भाड्याची सरासरी काढताना वर्षानुवर्षे जुन्या भाड्यात राहणाऱ्यांचे आकडे मिसळले की ती खाली येते. नव्याने कामाला लागणाऱ्याला मात्र आज रिकाम्या असलेल्या खोलीचे भाडे द्यावे लागते. तेव्हा आज मिळू शकणाऱ्या घरांची भाडी पाहावीत आणि ती कामाच्या ठिकाणापासून रोज जाऊन-येऊन करता येईल एवढ्या अंतरातील असावीत. घर त्याहून लांबचे धरायचे असेल तर प्रवासाचे भाडेही धरावे. महाग शहर आणि स्वस्त गाव यांना एकच दर लावू नये. आणि वेतनाचा दर जाहीर करताना त्यात घरभाड्यापोटी किती रक्कम धरली आहे, ती स्वतंत्र ओळीत छापावी, म्हणजे प्रत्येक कामगाराला तो आकडा आपल्या भाड्याच्या पावतीशेजारी ठेवून पाहता येईल.

आपला,
एक निवृत्त पगारलेखनिक