चार खोकी देण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा हाती आले. नव्या घरात जागा बेताची आहे, रेकॉर्डींची चार खोकी कुठे ठेवायची हे सुचत नाही आणि एक विक्रेता ती सगळी एकगठ्ठा उचलायला तयार आहे, असे तू लिहिले आहेस. आणि शेवटी एकाच ओळीत विचारले आहेस, "देऊन टाकू का?" ती ओळ वाचल्यापासून माझे मन थाऱ्यावर नाही. म्हणून उत्तर आधीच लिहून टाकतो आणि कारणे मागाहून सांगतो: एकगठ्ठा देऊ नकोस. निदान मी येईपर्यंत त्या विक्रेत्याला होकार कळवू नकोस.

तुझे पत्र वाचल्यावर मी माझ्या रेकॉर्डी कपाटातून काढून जमिनीवर मांडल्या आणि त्यांचे दोन ढीग केले. आपण तिघांनी मिळून घेतलेल्या एका बाजूला ठेवल्या आणि मी एकट्याने घेतलेल्या दुसऱ्या बाजूला. संध्याकाळपर्यंत एकेक वाजवून पाहिल्यावर जे लक्षात आले ते आजवर कसे लक्षात आले नाही, याचेच मला नवल वाटते. एकट्याने घेतलेल्या ढिगात अर्ध्याहून अधिक रेकॉर्डी अशा निघाल्या की ज्यांच्यावर एखादा खोल ओरखडा तरी आहे, किंवा ज्या कडेला मुरडलेल्या आहेत, किंवा ज्या मी कव्हर पाहून घेतल्या आणि पुन्हा कधी लावल्याच नाहीत. आपल्या तिघांच्या ढिगात अशा जेमतेम तीन निघाल्या.

त्या एकट्याच्या ढिगातली एक हकीकत तुला मी आजवर सांगितलेली नाही. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडची १९७३ ची 'द डार्क साइड ऑफ द मून' मला एका दुकानात दिसली. कव्हर स्वच्छ होते आणि आत दोन्ही पोस्टर शाबूत होती. तुम्ही दोघे बरोबर नव्हता, दुकान बंद व्हायची वेळ झाली होती आणि मला भीती वाटली की उद्या ती दुसऱ्या कुणाच्या हाती जाईल. पाकिटातून तबकडी बाहेर न काढताच मी ती घेतली. घरी येऊन पाहतो तर पहिल्या ब्रिटिश प्रेसिंगच्या, म्हणजे साच्यातून दाबून काढलेल्या पहिल्या खेपेच्या, लेबलावर जो भरीव निळा त्रिकोण असतो, तो नव्हताच. त्रिकोणाची नुसती रेघ होती. कव्हर जुने, पोस्टर जुनी आणि तबकडी मागाहून काढलेल्या प्रेसिंगची. अशी अदलाबदल कुणी केली असेल, कधी केली असेल, हे विचारायला मी परत गेलो नाही. पण तू बरोबर असतास तर ती तबकडी दुकानातच बाहेर आली असती आणि दिव्याखाली गेली असती, एवढे मात्र नक्की.

आपण दुकानात शिरलो की न बोलता कामे वाटली जात, हे तुला आठवत असेलच. आपला तिसरा सोबती खोक्यापुढे उभा राहून दोन बोटांनी रेकॉर्डी एकामागून एक पुढे पाडत जाई. त्याची बोटे इतकी भराभर चालत की मला नाव वाचायलाही उसंत मिळत नसे, पण नेमक्या जागी ती थांबत. मग रेकॉर्ड तुझ्याकडे येई. तू तबकडी कडेला धरून, खोबणींना हात न लावता, दिव्याखाली तिरपी करत असस आणि हळूहळू फिरवत असस. जो ओरखडा नुसता डोळ्यांना दिसतो तो बहुधा सुईला जाणवत नाही, पण जो बोटाच्या टोकाला लागतो तो हमखास ऐकू येतो, हे मला तूच शिकवलेस. मधल्या भोकाभोवती लेबलावर उमटलेले करडे फराटे पाहून ती रेकॉर्ड किती वाजली असेल आणि कशा हातांनी लावली गेली असेल, हे तू सांगत असस. विक्रेत्याने कव्हरवर 'निअर मिंट', म्हणजे जवळजवळ नवी, असे लिहिलेले असले तरी त्या फराट्यांवरच तुझा विश्वास असे.

माझ्याकडे भिंग असे. शेवटचे गाणे संपते तिथून लेबलापर्यंतचा जो कोरा चकचकीत पट्टा असतो, त्यात कोरलेली अक्षरे आणि मॅट्रिक्स नंबर, म्हणजे प्रत कोणत्या साच्यातून निघाली हे सांगणारा क्रमांक, वाचणे हे माझे काम होते. लेड झेपलिन या बँडची १९६९ ची दुसरी रेकॉर्ड दिसली की आपण तिघेही त्या पट्ट्यावर वाकत असू, कारण ध्वनितंत्रज्ञ रॉबर्ट लडविग यांनी केलेल्या पहिल्या कटिंगवर, म्हणजे ज्या मूळ तबकडीत खोबणी कोरून पुढच्या प्रती काढतात तिच्यावर, 'आरएल' ही अक्षरे असतात. त्या कटिंगमध्ये आवाज इतका दणकट उतरला होता की साध्या प्लेअरवर सुई खोबणीतून उडू लागली आणि कंपनीने पुढच्या प्रतींसाठी नवे, सौम्य कटिंग करून घेतले. ती दोन अक्षरे आपल्याला अजून सापडलेली नाहीत. कितीदा तरी तुम्ही दोघे श्वास रोखून उभे राहिलात आणि मी भिंग खाली ठेवून मान हलवली. मला ते न सापडणेही आता प्रिय झाले आहे.

तुझ्या खोक्यांत 'लाइव्ह ॲट लीड्स' आहे, ती काढून समोर ठेव आणि मग पुढचे वाच. 'द हू'ची ही १९७० ची रेकॉर्ड त्या दिवशी आपण जवळजवळ सोडूनच देणार होतो. तपकिरी साध्या पुठ्ठ्याचे कव्हर आणि त्यावर शिक्का मारल्यासारखे नाव पाहून मला ती चोरून काढलेली प्रत वाटली. कव्हर मुद्दामच तसे केलेले आहे, हे आपल्या सोबत्याने सांगितले. तू कव्हर उघडून आतल्या कप्प्यात हात घातलास आणि एकेक कागद बाहेर काढत गेलास: बँडच्या सुरुवातीच्या दिवसांतले पोस्टर, टंकलिखित पत्रांच्या आणि करारांच्या प्रती. दुकानातल्या त्या अरुंद वाटेत आपण ते सगळे कागद खोक्यांवर पसरून ठेवले होते, आणि मागून येणारी माणसे आपल्याला वळसा घालून जात होती. मग तबकडी बाहेर निघाली. लेबलावर हाताने लिहिल्यासारख्या अक्षरांत सूचना होती की कटकट आवाज येतात ते ठीक आहेत, दुरुस्त करू नका. मूळ ध्वनिमुद्रणातच ते आवाज शिरले होते आणि तबकडी कापणाऱ्या माणसाने ते दोष समजून काढू नयेत, म्हणून ती सूचना. तू ती दोनदा वाचलीस आणि म्हणालास, "ही मी घेणार." आपला नियम असा होता की ज्याच्या बोटाला रेकॉर्ड आधी लागली त्याची ती. बोट सोबत्याचे लागले होते. पण त्याने तुझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि तो मुकाट्याने पुढच्या खोक्याकडे वळला.

ती रेकॉर्ड आता 'चार खोक्यांपैकी एकातली' म्हणून एखाद्याच्या गाडीत चढणार, ही कल्पना मला सहन होत नाही.

तरीही जागेची अडचण खरी आहे, ती मी झटकून टाकत नाही. शंभर रेकॉर्डी नीट उभ्या लावल्या तर त्यांना साधारण ४० सेंटिमीटर रुंदी पुरते आणि त्यांचे ओझे पंचवीस किलोच्या आसपास भरते. तेव्हा सगळ्या चारही खोक्यांचा प्रश्न नसून, त्यातल्या कोणत्या शंभर-दीडशे ठेवायच्या एवढाच प्रश्न आहे, असे मला वाटते. आणि ही निवड विक्रेत्याने करू नये, तू करावीस. तोवर खोकी एकावर एक रचू नकोस आणि रेकॉर्डी आडव्या ठेवू नकोस. वजनाखाली कव्हरांवर तबकडीचे गोल वळ उठतात, आणि उन्हाची तिरीप जिथे येते तिथे ठेवल्या तर तबकड्या मुरडतात.

काय द्यावे याविषयी माझे मत अगदी सरळ आहे. ज्यांच्या दोन प्रती आहेत त्यांतली एक दे. ज्यांची नवी प्रेसिंग सहज मिळतात आणि ज्यांच्याशी तुझी काहीच आठवण जोडलेली नाही, त्याही दे. बाकीच्यांच्या बाबतीत घाई नको, कारण कागदावरची यादी पाहून ही निवड होत नाही. ती वाजवूनच करावी लागते. वाजवून पाहताना प्रत्येक बाजूचे पहिले गाणे लावू नकोस, शेवटचे लाव. तबकडी मिनिटाला ३३ १/३ फेरेच घेते, पण बाहेरच्या खोबणीत सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर लांबी सरकते आणि लेबलाजवळ पोहोचेपर्यंत ती २० च्या आसपास उरते. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी लांबीत दाटीने कोरलेला असतो. म्हणून झिजलेल्या सुईने खोबण खरवडली गेली असेल तर ते आधी तिथेच कळते. झांजांचा आवाज फाटतो आणि गाणाऱ्याचा 'स' फिसकारतो. पहिले गाणे छान वाजले म्हणून मी घेतलेल्या रेकॉर्डी कितीतरी आहेत, आणि त्या सगळ्या त्या दुसऱ्या ढिगात आहेत.

आणखी एक काम मात्र आजच कर. तुझ्याकडे रोलिंग स्टोन्सची १९७१ ची 'स्टिकी फिंगर्स' खऱ्या चेनच्या (झिपच्या) कव्हरची आहे. ती चेन पूर्ण वर ओढलेली असली की शेजारच्या रेकॉर्डीला दाबून तिच्या खोबणींवर खूण उमटवते. मूळ प्रतींच्या वाहतुकीतही असेच नुकसान झाले होते, म्हणून पुढे चेन अर्ध्यावर खाली ओढून ठेवण्याची युक्ती निघाली, म्हणजे दाब पडलाच तर तो मधल्या लेबलावर पडतो. तू सामान हलवताना ती कुणी वर ओढली नाही ना, हे पाहा, आणि तिच्या दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा घाल.

'लेड झेपलिन थ्री' कुणाला देऊ नकोस, हे मी विनंती म्हणून लिहितो. १९७० च्या त्या कव्हरात फिरणारी चकती आहे आणि ती फिरवली की भोकांतून चित्रे बदलतात. आपण तिघांनी ती दुकानात इतका वेळ फिरवली होती की दुकानदाराने हसून खुर्ची पुढे केली. चकतीची कड तुझ्या अंगठ्याने जिथे मऊ झाली आहे, ती जागा मी डोळे मिटूनही ओळखेन.

संग्रहाची मोजदाद करणारे लोक मला भेटतात तेव्हा ते किती रेकॉर्डी आहेत हे सांगतात, कोणत्या दुर्मीळ आहेत हेही सांगतात, आणि मी आदराने ऐकतो, कारण त्यामागचे कष्ट मला ठाऊक आहेत. पण तुझ्या चार खोक्यांकडे मी तसे पाहू शकत नाही. त्यातली जवळजवळ प्रत्येक रेकॉर्ड कुठल्या ओळीत, कुणाच्या बोटाला लागली, कुणी नको म्हटले आणि कुणाचे मन वळवावे लागले, हे मला सांगता येईल. खरेदी झाल्यावर आपण नेहमी तुझ्याकडे जमत असू, ते केवळ तुझा टर्नटेबल चांगला होता म्हणून नव्हे. कव्हर एकाच्या मांडीवर, आतला कागद दुसऱ्याच्या हातात आणि बाजू पालटायला तिसरा, अशी विभागणी तिथेही होतीच. बीटल्सच्या १९६७ च्या 'सार्जंट पेपर'चे ब्रिटिश प्रेसिंग आपण प्रथम ऐकले ती रात्र आठव. दुसरी बाजू संपल्यावरही सुई बंद खोबणीत फिरत राहिली आणि त्यात मुद्दाम भरलेली ती असंबद्ध बडबड पुन्हा पुन्हा येत राहिली. कुणीच उठले नाही. शेवटी सुई तू उचललीस, आणि ती किती वेळाने उचललीस यावर आपले तिघांचे आजही एकमत नाही.

मी पुढच्या रविवारी सकाळी येतो. आपल्या सोबत्यालाही कळवले आहे. त्याने यायचे कबूल केले आहे आणि खोकी चाळण्याचे काम त्याचेच, असे बजावलेही आहे. भिंग, मऊ ब्रश आणि नव्या आतल्या पाकिटांचा गठ्ठा मी घेऊन येतो. माझा तो एकट्याचा ढीगही बरोबर आणतो, कारण त्यातले काय ठेवावे हे तू दिव्याखाली पाहून सांगावेस अशी माझी इच्छा आहे. तुझ्या टर्नटेबलची सुई बदलून किती दिवस झाले, तेवढे मात्र उलट टपाली कळव. जुनी असेल तर एकही रेकॉर्ड लावू नकोस. येताना मी नवी घेऊन येईन.

तुझा,
भिंगवाला मित्र