सिस्टर, तुमचं घड्याळ

आदरणीय सिस्टर,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या आरोग्य केंद्राच्या ओट्यावर बसणाऱ्यांना न लिहिताही कळेल.

मेडिकलला फार्माकॉलॉजीच्या, म्हणजे औषधशास्त्राच्या तोंडी परीक्षेत मी डिजॉक्सिन या हृदयाच्या औषधावर अडकले आणि नापास झाले. प्रश्न साधाच होता. रक्तातलं पोटॅशियम कमी झालं तर हे औषध जास्त बाधतं की कमी? मी आधी 'कमी' म्हटलं, मग 'जास्त', मग गप्प. सरांनी हसून विचारलं, "मराठी मीडियम का?" ते हसू अजून जात नाही डोक्यातून. पुढे पैसे भरून लावलेल्या ऑनलाइन क्लासनं पाठ करायला एक इंग्रजी तुकडा दिला. तो झाला पाठ. समजलं काहीच नाही.

सुटीत आजीला घेऊन तुमच्याकडे आले, तेव्हा वही हातातच होती. लहानपणीच्या तापानं आजीच्या हृदयाची झडप अरुंद झालेली, नाडी कायमची बेताल. डिजॉक्सिन आठवड्यातले पाच दिवस, शनिवार-रविवार गोळीला सुटी. "पाठ करून रायली का वं? ठेव ते," तुम्ही म्हणालात. मग मनगटावरचं घड्याळ काढलंत आणि माझ्या हातात दिलंत. "मी छातीवर मोजतो, तू नाडीवर. सुरू अन् बंद तू म्हणायचं."

सिस्टर, मला एवढंच सांगायचं होतं खरं तर. बाहेर वीसेक माणसं खोळंबलेली, आणि तुम्ही स्टेथोस्कोप लावून माझ्या शब्दाची वाट बघत वाकून उभ्या होतात. मी 'बंद' म्हणेपर्यंत मान वर केली नाहीत. कॉलेजात मला कोणी असं विचारात घेतलेलं नव्हतं.

तुमचे आले 112, माझे 84. "28 ठोके कुठं गेले वं, डॉक्टरीणबाई?"

तिथेच उजेड पडला. हृदय पुरतं भरायच्या आत आकसतं, तो ठोका मनगटापर्यंत पोचतच नाही. नाडी बेताल होते ती हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या थरथरीनं, आणि डिजॉक्सिन ती थरथर थांबवत नाही. ते व्हेगस नर्व्ह या हृदयाला आवर घालणाऱ्या नसेच्या मार्फत मधल्या एव्ही नोडवर, म्हणजे वरचे इशारे खालच्या कप्प्यांत सोडणाऱ्या नाक्यावर, फाटक जरा लोटून धरतं. कमी ठोके खाली उतरतात, पण भरून उतरतात. हे पुस्तकात होतंच, मी दहादा वाचलेलं.

पोटॅशियमचंही तुम्हीच सोडवलंत. "लघवीची गोळी चालू हाय अन् म्हातारी जेवत नाई, मळमळ म्हणते, तर मी डॉक्टरले पयले पोटॅशियम पाहा म्हणतो. नाडी साठच्या खाली असली तर गोळी देतच नाई, पयले विचारतो." घरी येऊन वही उघडली. पेशीतला सोडियम बाहेर काढणारा जो पंप, त्यावर पोटॅशियम आणि डिजॉक्सिन दोघंही जागा धरायला बघतात, एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तसे. पोटॅशियमचे रुमाल कमी पडले की औषधाला जागाच जागा. जाता जाता तुम्ही बिट्टीची बी खाल्लेल्या पेशंटबद्दल बोललात. ओकाऱ्या आणि नाडी मंद. ज्या बियांनी आम्ही अंगणात खेळलो, त्यातलं विष याच जातीचं! तिथे पंपच एकदम बंद पडतो, पोटॅशियम पेशीत शिरत नाही, म्हणून रक्तात उलट वाढतं. माझं 'कमी-जास्त' गोंधळायचं ते इथेच.

शिकलेली माणसं ज्ञान कपाटात घालून किल्ली कमरेला लावतात. तुमच्यासारखी माणसं काम करता करता ते दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळी होतात, आणि त्यांना कोणी गुरू म्हणत नाही. असो, हे फार झालं. तुम्ही वाचताना भुवया चढवाल.

पुरवणी परीक्षेत डिजॉक्सिन आलंच नाही, बेताल ठोक्यांवरचं दुसरं औषध अॅमिओडॅरोन आलं. ते सुरू करताना पेशंट आधीच डिजॉक्सिनवर असेल तर, असं विचारल्यावर मी म्हटलं, डिजॉक्सिनचा डोस जवळपास निम्म्यावर आणायचा, नाहीतर ते रक्तात साचतं. समोरचे सर हसले नाहीत, पुढच्या प्रश्नाला गेले. पास झाले, सिस्टर.

तुमच्या घड्याळाचा पट्टा दुसऱ्या भोकापाशी चिरलेला आहे. यवतमाळहून नवा घेतलाय, तपकिरी. दिवाळीत आजीला घेऊन येते, तेव्हा बसवून देते. मोजायचं मात्र आपण दोघींनी, आणि या वेळी छाती माझ्याकडे.

तुमची,
आजीची नात